आठवा पाय

कोळी दिसला की आपल्या घरात पहिला हात झाडूकडे जातो. अशा घरात, तळहाताएवढा केसाळ कोळी कोणी हौसेने पाळतो आणि तो कात टाकू लागला म्हणजे रात्र जागून काढतो, असे सांगितले तर गृहिणी सांगणाऱ्याकडेच संशयाने पाहतील. पण अमेरिकेत आणि युरोपात टॅरँटुला पाळणारी मंडळी थोडीथोडकी नाहीत. त्यांचा विशेष लाडका म्हणजे मेक्सिकोतला, गुडघ्यांना शेंदूर फासल्यासारखा दिसणारा कोळी. रानातून त्याची इतकी धरपकड झाली की १९८५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. दिसायला भयंकर, पण त्याचा दंश साधारण मधमाशीच्या डंखाइतकाच. खरा उपद्रव पोटावरच्या केसांचा! चिडला की मागच्या पायांनी तो ते उधळतो. डोळ्यांत गेले तर मात्र डॉक्टर गाठावा लागतो.

टेक्सासमध्ये माझ्या भाच्याच्या घरी अशी एक मादी आहे. मालकीण त्याची अकरा वर्षांची मुलगी. पेटीच्या झाकणाच्या जाळीत नखी अडकून त्या कोळिणीचा एक पाय तुटला होता. मी हळहळलो, तर नात म्हणते, "आजोबा, येईल तो परत. पण कात टाकेल तेव्हाच!"

पोरीचे म्हणणे खरे होते. कोळ्याचा सांगाडा आत नसतो, बाहेर असतो. टणक चिलखतच ते. ते वाढत नाही. म्हणून आत नवे, मऊ, चुण्या पडलेले आवरण तयार होते आणि जुने फेकून द्यावे लागते. वाढ होते ती एवढ्या थोड्या वेळातच. पिले वर्षातून अनेकदा कात टाकतात, प्रौढ मादी वर्षा-दोन वर्षांतून एकदा. तुटलेला पायही खुंटात घडी घालून ठेवल्यासारखा आतल्या आत तयार होतो.

काही आठवडे तिने अन्न सोडले. पोटावरचा टकलाचा डाग काळवंडला. मग एका संध्याकाळी तिने जाळ्याची पातळ चटई विणली आणि चक्क उताणी पडली. नवखा माणूस अशा वेळी कोळी मेला म्हणून उचलून टाकायचा! नातीने पेटीतला रातकिडा आधीच काढून घेतला होता. एरवी तो तिचे भक्ष्य. पण या अवस्थेत तोच तिला कुरतडू शकतो.

मग हृदय जोरात चालते, पोटातले द्रव पुढच्या भागात ढकलले जाते, आणि त्या दाबाने पाठीची ढाल डब्याच्या झाकणासारखी उचकटते. त्यानंतर पायांची पाळी. हातमोज्यातून बोटे ओढावीत तसे सगळे पाय एकदम, तसूतसूने बाहेर येतात. मध्येच सगळे थांबले. दहा मिनिटे हालचाल नाही. माझा हात चिमट्याकडे गेला, तर नातीने तो धरला. नवी त्वचा इतकी नाजूक असते की मदतीने अपायच होण्याची भीती अधिक. एखादा पाय अडकलाच तर कोळी तो गमावतो, कधी जीवही.

ती सुटली. सात पाय लांब, आणि तुटल्या जागी आठवा : बारीक, आखूड, पण सांध्यांसकट पुरा. पुढच्या काती टाकताना तो इतरांच्या बरोबरीला येतो. विषदंत दुधासारखे पांढरे होते. ते आधी तांबूस, मग काळे होतात. तोवर शिकार बंद.

शेजारी पडलेली कात म्हणजे दुसरा कोळीच! फुप्फुसांच्या पानांचे अस्तरदेखील तिच्यात असते. जाणकार ती भिंगाखाली धरून नर की मादी ते सांगतात, कारण मादीच्या बीजकोशाचे अस्तरही कातीबरोबर निघते.

हे ओळखणे महत्त्वाचे, कारण दोघांचे नशीब निराळे. मादी वीस वर्षांहूनही अधिक जगते. नर मात्र वयात आणणारी कात टाकतो, ती बहुधा शेवटचीच. पुढे मादीच्या शोधात भटकतो आणि साधारण वर्षा-दोन वर्षांत संपतो. अर्कान्सा विद्यापीठातले विल्यम बर्ग यांनी हे प्राणी वर्षानुवर्षे सांभाळून १९५८ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले, ते उगाच नव्हे.

नातीने कात ओली असतानाच टाचण्यांनी पाय पसरून कापसावर वाळत ठेवली. तिच्या खणात अशा चार पेट्या आहेत, प्रत्येक मागचीपेक्षा थोडी मोठी. पाचवीवर तिने तारीख घातली आणि खाली लिहिले : "आठ पाय."