कोरफडीची कुंडी : आधी बुडखा दाबून पाहा

ओसरीवरल्या कुंडीतली कोरफड पिवळी पडली की आपण पहिलं काय करतो? तांब्याभर पाणी ओततो. इथंच घात होतो.

आधी बुडखा दाबून पाहावा. मऊ, पाणचट लागला, कुबट वास आला, तर ती मूळकूज. पाणी ताबडतोब बंद. रोप उपटून सडका भाग धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत कापावा, चार-पाच दिवस सावलीत जखम सुकू द्यावी, मग निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत लावावे. बिनभोकाच्या तेलाच्या डब्यात लावलेली कोरफड बहुधा अशीच जाते!

बुडखा घट्ट, पण पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके असले, तर तो पिठ्या ढेकूण. डाळिंब-सीताफळावरल्या पिठ्याचाच भाऊबंद. मुंग्यांची रांग लागली की समजा. त्याचा चिकट गोड स्राव खायला त्या येतात आणि किडीला राखतात. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुंजके पुसावेत, मात्र चुलीपासून लांब. अंडी मागे राहतात, म्हणून आठवड्याने पुन्हा पुसावे.

पिकासाठी आणलेले औषध कुंडीवर मारू नका. हाच गर घरात डोक्याला लावतात, भाजल्यावरही लावतात.