शेतातला पाइप कशापासून बनतो आणि तो जाळायचा का नाही?

बीड जिल्ह्यात विहिरीचं पाणी शेतात न्यायचं असो की बोअरचं टाकीत, पाइप लागतोच. घरातली नळाची फिटिंग, मशिदीच्या वजूखान्याची लाईन, वायरवरचं आवरण, यातलं बरंचसं पीव्हीसीचं असतं. पण हे कडक पीव्हीसी ज्यापासून बनतं तो एक वायू आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. त्याचं नाव विनाइल क्लोराइड मोनोमर, थोडक्यात व्हीसीएम.

तो कसा बनवतात?

खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून इथिलीन मिळतं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन मिळतो. दोन्हींपासून इथिलीन डायक्लोराइड हा द्रव तयार होतो. तो सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवला की त्यातून व्हीसीएम आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात. पुढे व्हीसीएमचे रेणू साखळीसारखे जोडले की पीव्हीसीची पांढरी पावडर होते. आपल्या राज्यात रत्नागिरीजवळ फिनोलेक्सचा पीव्हीसी कारखाना आहे.

धोका कुठे आहे?

व्हीसीएमला रंग नसतो, वास किंचित गोडसर असतो. तो उणे १३ अंशांनाच उकळतो, म्हणून दाबाखाली द्रव करून ठेवतात. तो चटकन पेट घेतो. अमेरिकेतील लुईव्हिल इथल्या पीव्हीसी कारखान्यातील कामगारांना यकृताचा दुर्मिळ कर्करोग झाल्याचं १९७४ मध्ये उघड झालं. त्यानंतर कारखान्यांचे नियम कडक झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायो राज्यात रेल्वे घसरली, तेव्हा व्हीसीएमचे पाच टँकर मुद्दाम जाळण्यात आले आणि आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली.

मग आपल्या नळाचं पाणी प्यायचं की नाही? घाबरू नका. साखळी झाल्यावर उरलेला वायू कारखान्यातच काढून टाकतात, पाइपमध्ये उरलाच तर अगदी अल्प. फक्त पिण्याच्या पाण्यासाठी आयएस ४९८५ हा शिक्का असलेलाच पाइप घ्या.

खरी चूक आपण आगीशी करतो. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. तो जाळला की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. तो ओलाव्याला लागला की आम्ल होतं. डोळे, घसा, फुप्फुसं जळजळतात. सोबत डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. भंगारातली वायर जाळून तांबं काढणाऱ्या आपल्या भावांना आणि शेजारी खेळणाऱ्या लेकरांना हा धूर रोज मिळतो.

म्हणून एवढं पाळू या. वायर जाळू नका, सोलून तांबं काढा. पाइप जोडायला टोक चुलीवर धरू नका, कपलर आणि सोल्युशन वापरा, तेही मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब. पाइपचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, भंगारात द्या. चार पैसे वाचवताना घरच्यांची छाती खराब व्हायला नको.