वीजपेटीचे कवाड

द्वितीय वर्ष, कला

सुंदर आणि उपयुक्त यांचे नाते काय, या प्रश्नावर वर्गात आपण पुष्कळ चर्चा करतो. दाखले मात्र बहुधा लेण्यांचे, देवळांचे नाहीतर कवितांचे असतात. प्रस्तुत लेखात मी अगदी घरगुती दाखला घेणार आहे. तो म्हणजे भिंतीवरची विजेची पेटी आणि ती झाकण्यासाठी केलेले लाकडी कवाड. माझे वडील सुतार आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून असे कवाड केले. लाकडाचे ज्ञान त्यांचे. पेटीवरची इंग्रजी अक्षरे वाचण्याचे काम माझे, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

ही पेटी बहुतेक घरांत दर्शनी भिंतीवरच असते. ती दिसू नये म्हणून कोणी तिच्यावर कॅलेंडर टांगतो, तर कोणी पडदा लावतो. लाकूड आणि वीज यांची ओळख तशी जुनी. पूर्वी घरांतल्या तारा सागवानी पट्ट्यांवरून नेत, बटणे लाकडी बोर्डावर बसवीत आणि फ्यूज चिनी मातीचे असत. पुढे लाकडाची जागा धातूने व प्लॅस्टिकने घेतली. लाकूड ओल धरते आणि पेट घेते, ही त्याची मोठी कारणे. तेव्हा विजेजवळ पुन्हा लाकूड नेताना ते तिथून का गेले, हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

पेटीत काय असते ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते. जुन्या फ्यूजऐवजी आता ‘एमसीबी’ नावाची बटणे असतात. प्रत्येक बटणात दोन पहारेकरी बसलेले असतात. पहिला म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. प्रवाह फार वेळ जास्त राहिला की ती तापून वाकते आणि बटण पाडते. दुसरा म्हणजे तारेचे वेटोळे. दोन तारा एकमेकींना भिडून प्रवाह एकदम उसळला की ते चुंबक होऊन क्षणात बटण पाडते. याखेरीज अनेक पेट्यांत ‘आरसीसीबी’ असते. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे वीज माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली, की ते पुरवठा तोडते. घरगुती वापरात ही मर्यादा बहुधा ३० मिलिअँपिअर असते.

कवाडाची रचना यावरूनच ठरते. जोडपट्टी उष्णतेवर चालते आणि ही बटणे साधारण ३० अंश सेल्सिअस तापमान धरून जोखलेली असतात. पेटी घट्ट कोंडली तर आतली हवा तापेल आणि बटण विनाकारण पडू लागेल. एखादा सांधा सैल असला तर तिथे वेगळीच उष्णता निर्माण होते, आणि प्रवाह दुप्पट झाला की ती चौपट होते. म्हणून आम्ही चौकट पेटीपेक्षा चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर मोठी घेतली, खालची बाजू उघडी ठेवली, आणि वर दोन्ही अंगांना फटी ठेवल्या. गार हवा खालून येते, तापलेली वरून जाते. झडपेवर वडिलांनी जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना असते तशी जाळी कोरली. ती शोभेचीही आहे आणि वाऱ्याचीही.

वरची फळी मुद्दाम उतरती केली आहे. असे कवाड देव्हाऱ्यासारखे दिसते. शेजारच्या काकूंनी ते पाहताच हात जोडले! सपाट फळी मिळाली की तिच्यावर समई, उदबत्ती, निदान काडेपेटी तरी येणारच. उतरत्या फळीवर काहीच राहत नाही. आतल्या बाजूला किल्ल्यांसाठी खिळासुद्धा मारलेला नाही.

आता जोखमीच्या गोष्टी. पेटीचे मूळचे झाकण कधीही काढू नये. लाकडी कवाड त्याच्यावर असते, त्याच्या जागी नव्हे. मुख्य बटण बंद केले तरी मीटरकडून येणारी तार जिवंतच असते. भिंतीत तारा कुठून गेल्या आहेत हे वायरमनला विचारल्याशिवाय भोक पाडू नये. आम्ही परवानाधारक वायरमनकडून जागा आखून घेतली आणि मगच स्क्रू मारले. मीटर आणि त्याचे सील हे वीज कंपनीचे; त्यांना हात लावू नये, ते झाकूही नये. स्पिरिटच्या पॉलिशची वाफ पेट घेते, म्हणून झडप अंगणात पूर्ण वाळवूनच आणावी.

झडपेला कडीकुलूप नाही, छोटा लोहचुंबक आहे. एका बोटाने ओढली की ती पार भिंतीला टेकते आणि दुसरा हात मोकळा राहतो. वडील कामानिमित्त बाहेरगावी असतात, मी वसतिगृहात. घरी आई आणि आजी. रात्री जळका वास आला, किंवा कोणाला विजेचा धक्का बसला, तर त्या माणसाला हात लावण्याआधी पुरवठा तोडावा लागतो. तो या दोघींनाच तोडावा लागणार. ‘आरसीसीबी’वर तपासणीचे एक बारीक बटण असते. तेही मधूनमधून दाबून पाहायचे असते, आणि जे सहज हाताशी नाही ते कोणी दाबत नाही.

शेवटचे काम मला फार मोलाचे वाटते. कोणते बटण कशाचे, हे झडपेच्या आतल्या बाजूस लिहायचे होते. मी मराठीत नावे लिहिली. पण आजीला अक्षरओळख नाही. म्हणून प्रत्येक नावाशेजारी चित्र काढले : पंखा, दिवा, मिक्सर, पाण्याचा पंप. मुख्य बटणासमोर मोठा तांबडा ठिपका. मग आजीकडून दोनदा ते बटण खाली ओढून घेतले. पहिल्यांदा तिने पदराने हात पुसला. दुसऱ्यांदा सरळ ओढले.

वर्गातल्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे. कुरूप वस्तू झाकण्यात दोष नाही. पण ती झाकताना तिच्यापर्यंतची वाट झाकली जाता कामा नये. कवाड किती सुंदर आहे हे पाहुण्यांनी सांगावे. ते चांगले आहे की नाही, हे घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला ते अंधारात उघडता येते का, यावरून ठरवावे.