तुमचे लक्ष कोठे आहे?

"लक्ष कोठे आहे तुझे?" हा प्रश्न शिक्षकांनी तुम्हांला वर्गात कधी ना कधी विचारला असेलच. त्या वेळी तुम्ही दचकून पुस्तकात पाहिले असेल. डोळे फळ्याकडे होते. पण मन मात्र खिडकीबाहेर पतंगाबरोबर उडत होते.

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या गोष्टीवर मन स्थिर करणे म्हणजे लक्ष देणे. उर्दूत यालाच 'तवज्जोह देना' असे म्हणतात. गंमत पाहा, मराठीत आणि उर्दूत, दोन्ही भाषांत लक्ष 'देतात'. जी वस्तू आपण देतो, ती आपल्या मालकीची असते. मग आपले लक्ष कोणाला द्यायचे, हे कोणी ठरवावे? अर्थात आपणच. पण तसे खरोखर घडते का?

संध्याकाळची वेळ आहे. तुम्ही गणित सोडवत आहात. उदाहरण अर्धे झाले आहे. इतक्यात जवळ ठेवलेला मोबाइल वाजतो. कोणाचा निरोप आहे, एवढेच पाहावे म्हणून तुम्ही तो हातात घेता. निरोप वाचून होतो. मग एक गमतीदार व्हिडिओ दिसतो. तो संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो. अम्मी जेवायला हाक मारते, तेव्हा तुम्ही घड्याळात पाहता. पाऊण तास निघून गेलेला असतो. उदाहरण मात्र अर्धेच राहिलेले असते.

तो पाऊण तास तुम्ही कोणाला दिला नव्हता. तो तुमच्या नकळत गेला. आता थोडा हिशेब करू. रोज एक तास असा गेला, तर वर्षाचे ३६५ तास होतात. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला, तर साठ दिवसांची शाळा बुडाल्यासारखेच झाले!

काही जण म्हणतील, "आम्ही अभ्यास करता करता मोबाइल पाहतो. दोन्ही कामे होतात." हे खरे आहे का, ते तुम्हीच तपासून पाहा. एका कागदावर १ ते १० हे अंक लिहा. त्याखाली अलिफ, बे, पे अशी उर्दूची पहिली दहा अक्षरे लिहा. किती सेकंद लागले, ते मित्राला मोजायला सांगा. नंतर हेच अंक आणि हीच अक्षरे आळीपाळीने लिहा : १ अलिफ, २ बे, ३ पे... पुन्हा वेळ मोजा. लिहायचे तेवढेच आहे. तरी बहुतेकांना या वेळी जास्त वेळ लागतो. हात मध्येच अडतो. चुकाही होतात.

असे का होते? ज्यांना विचार लागतो, अशी दोन कामे आपले मन एकाच वेळी नीट करू शकत नाही. ते एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारते. प्रत्येक उडीला थोडा वेळ लागतो. शिवाय, आधीच्या कामाचा विचार मनात रेंगाळत राहतो. म्हणूनच दोन शब्दांचा निरोप वाचून तुम्ही पुस्तकाकडे वळता, तेव्हा तीच ओळ पुन्हा वाचावी लागते.

मग मोबाइल वाईट आहे का? मुळीच नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक मुलांना याच मोबाइलवरून धडे मिळाले. कठीण शब्दाचा अर्थ त्यावर सापडतो. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या अब्बांचा चेहरा त्यात दिसतो. मोबाइल हे फार उपयोगी साधन आहे. पण ते आपल्याला का धरून ठेवते, हे समजून घेतले पाहिजे.

हर्बर्ट सायमन नावाचे एक अमेरिकन विद्वान होते. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ साली, म्हणजे लोकांच्या हाती मोबाइल येण्यापूर्वीच, त्यांनी एक विचार मांडला होता. माहिती ही लक्ष खाऊन टाकते. माहितीचा सुकाळ झाला, की लक्षाचा दुष्काळ पडतो, असा त्या विचाराचा आशय होता. आज मोबाइलवरचे पुष्कळ कार्यक्रम आपल्याला फुकट मिळतात. ते चालवणाऱ्या कंपन्यांना पैसा मिळतो तो मुख्यतः जाहिरातींतून. तुम्ही पडद्यासमोर जितका जास्त वेळ थांबाल, तितक्या जास्त जाहिराती तुम्हांला दाखवता येतात. म्हणून तुम्हांला थांबवून ठेवण्याच्या नाना युक्त्या त्यात असतात.

त्यांतली एक युक्ती कबुतरांच्या प्रयोगावरून समजते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना एका पेटीत ठेवून प्रयोग केले. पेटीतल्या कळीवर चोच मारली, की कधी दाणे मिळत, कधी मिळत नसत. दाणे केव्हा मिळतील, याचा नेम नसे. अशा वेळी कबुतर थकेपर्यंत चोच मारत राही. आपणही पडदा वर सरकवतो. कधी मजेदार काही दिसते, कधी दिसत नाही. पुढे काहीतरी चांगले दिसेल, या आशेने बोट थांबत नाही.

दुसरी युक्ती पाहा. पुस्तकाचे पान संपते. धडा संपतो. तेथे आपण श्वास घेतो आणि पुढे वाचायचे की नाही, हे ठरवतो. मोबाइलच्या पडद्याला मात्र शेवटच नसतो. ही शेवट नसलेल्या पानाची रचना अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ साली तयार केली. लोकांचा किती वेळ त्यात वाया जातो, हे पाहून पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला.

तेव्हा मोबाइल हातातून सुटत नाही, यात सगळा दोष तुमचाच आहे असे नाही. म्हणूनच नुसता निश्चय करून भागत नाही. निश्चयाला व्यवस्थेची जोड द्यावी लागते. महाराष्ट्रातील एका गावाने हे करून दाखवले.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. शेतकरी आणि साखर कारखान्यातील कामगार यांची तेथे वस्ती आहे. कोरोनाच्या काळात तेथील मुले मोबाइलवर शिकू लागली. शाळा पुन्हा सुरू झाल्या, तरी मुलांच्या हातातून मोबाइल सुटेना. मोठी माणसेही टीव्हीसमोर बसून राहत. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि गावकरी यांनी मिळून एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजे. तो वाजला, की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होत. साडेआठ वाजता भोंगा पुन्हा वाजे. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, सर्वांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे, असे ठरले. सुरुवातीला काही जण हसले. कार्यकर्त्यांना घरोघर फिरून सांगावे लागले. पण हळूहळू गावाला सवय लागली.

या गावाने मोबाइल फेकून दिला नाही. त्याची वेळ ठरवली. मोठ्यांनीही तो नियम पाळला, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट होय.

तुमच्या घरावर भोंगा नाही. पण असा नियम तुम्हीही करू शकता. अभ्यासाची अर्ध्या तासाची वेळ ठरवा. त्या वेळेत मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. घर एकाच खोलीचे असेल, तर तो बंद करून कपाटात ठेवा किंवा अम्मीजवळ द्या. घरात सगळ्यांचा मिळून एकच मोबाइल असेल, तर मोठ्यांना विनंती करा, "एवढा वेळ आवाज बंद ठेवा." घरात गडबड असेल, तर जवळच्या अभ्यासिकेत किंवा वाचनालयात बसा. अनावश्यक सूचनांचे आवाज कायमचे बंद करा. मन तरीही भटकेल. मन भटकणे हा गुन्हा नाही. ते भटकले, हे ओळखून त्याला परत आणणे, हाच खरा सराव आहे. अर्धा तास जमला, की वेळ थोडी वाढवा. मग खुशाल मोबाइल घ्या. पण किती वेळ, ते आधी ठरवून घ्या.

मित्रांनो, तुमचे लक्ष ही तुमची पुंजी आहे. ती अभ्यासाला द्या, खेळाला द्या, अब्बा-अम्मीशी गप्पा मारायला द्या. पण कोणाला देत आहात, ते जाणून द्या. आणि "लक्ष कोठे आहे तुझे?" असे शिक्षकांनी विचारण्याची वाट पाहू नका. दिवसातून एकदा तरी हा प्रश्न आपण होऊन स्वतःला विचारा.