गांडूळ की साप?

पावसाळ्याचे दिवस होते. नांदेडच्या एका जुन्या घरात शबाना न्हाणीघरात गेली आणि लगेच ओरडत बाहेर आली, "दादी, मोरीत साप आहे!"

दादी काठी घेऊन आली. तिने वाकून पाहिले व ती हसली. "अगं, हे तर गांडूळ!"

दोघींपैकी बरोबर कोण? शबाना! तो खरोखरच साप होता. त्याचे नाव वाळा. बाळाच्या पायातला वाळा वेगळा आणि उर्दूत आपण ज्याला खस म्हणतो तो सुगंधी वाळाही वेगळा!

वाळा जेमतेम वीतभर लांब, काळा किंवा तपकिरी असतो. गांडुळाच्या अंगावर कडी असतात. ते ओलसर व बुळबुळीत असते. अंग लांबवत, आखडत पुढे सरकते. वाळ्याच्या अंगावर चकचकीत खवले असतात. तो नागमोडी वळवळतो आणि मधूनच बारीक जीभ बाहेर काढतो. गांडुळाला जीभ कुठली?

वाळा मातीत राहतो. तिथे डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून त्याचे डोळे खवल्यांखाली झाकलेले दोन ठिपकेच असतात. त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत मातीत राहणारे गांडुळासारखे सरडे आहेत. त्यांतील बहुतेकांना तर पायही नसतात. बिळात पायांची अडचणच होते ना!

जोराचा पाऊस झाला की बिळांत पाणी शिरते. मग वाळा मोरीत, अंगणात दिसतो. विषारी सापाचे पिल्लू समजून लोक त्याला मारतात. खरे तर वाळा बिनविषारी आहे. त्याच्या शेपटीला बारीक काटा असतो. पकडल्यास तो काटा टोचतो, पण त्यातही विष नसते. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी व अळ्या हे त्याचे अन्न. घराची लाकडे पोखरणाऱ्या वाळवीला खाणारा हा प्राणी आपण चपलेने मारतो! मात्र साप नीट ओळखता येत नसेल, तर हात लावू नका. मोठ्यांना बोलवा.

विशाखापट्टणमच्या सापावरून १८०३ साली दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाळ्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे एक नवल कळले. या जातीत नर सापडतच नाहीत! मादी एकटीच अंडी घालते आणि त्यांतून माद्याच जन्मतात. म्हणजे शबानाच्या मोरीतला वाळाही मादीच होता. त्यामुळे कुंडीतल्या मातीत एखादाच वाळा लपून परदेशी गेला, तरी तिथे त्याचा वंश वाढतो. असाच तो रोपांबरोबर अमेरिकेत आणि हवाई बेटांवरही पोहोचला. तिकडे त्याला 'कुंडीतला साप' म्हणतात.