‘महल’ : एका भयपटाचे गुणदोष

बुऱ्हाणपुरात तापीच्या काठी उभ्या असलेल्या शाही किल्ल्याच्या भग्न दालनांतून जो कोणी कधी दिवेलागणीच्या वेळी हिंडला असेल, आणि १६३१ साली येथेच निवर्तलेल्या मुमताजमहलचा देह आग्र्यास नेईपर्यंत पैलतीरी झैनाबादेच्या ज्या बागेत ठेवला होता तिकडे ज्याची दृष्टी वळली असेल, त्याला ओसाड वास्तूचे भय म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. त्या भयात भुताखेतांचा अंश थोडा. कोणीतरी अद्याप कोणाची तरी वाट पाहत आहे, ही जाणीवच त्यात मोठी. कमाल अमरोही यांनी १९४९ साली बॉम्बे टॉकीजसाठी दिग्दर्शित केलेला ‘महल’ या एकाच जाणिवेवर उभा आहे, म्हणून मला तो आमच्या मुलखाचा वाटतो. त्याचा नायक अशोककुमार शेजारच्या खंडव्यात वाढलेला, हे त्या आपलेपणाचे दुसरे कारण.

यमुनाकाठच्या एका रिकाम्या हवेलीत नवा मालक हरिशंकर पहिल्याच रात्री येतो, वृद्ध माळी त्याला ती बांधणाऱ्या पुरुषाची आणि त्याची वाट पाहणाऱ्या कामिनीची कथा सांगतो, आणि भिंतीवरील तसबिरीत हरिशंकरला स्वतःचाच चेहरा दिसतो. येथून पुढचा अर्धा तास हिंदी चित्रपटात विरळाच. जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने खांब, जिने आणि झुंबरे अशा अल्प प्रकाशात टिपली आहेत की, पाहणाऱ्याचे लक्ष उजळलेल्या भागाकडे न जाता काळोखाकडे जाते, आणि झोपाळ्यावर बसलेली मधुबाला त्या काळोखातून क्षणभर प्रकटून पुन्हा त्यातच विरते. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातही हीच युक्ती आहे. कामिनीचे गीत दुरून येत आहे असे भासावे म्हणून लताबाईंना ध्वनिग्राहकापासून लांब उभे करून गात गात जवळ यावयास लावले होते, असे त्यांनीच पुढे सांगितले. पहिल्या तबकडीवर गायिकेचे म्हणून नाव छापले होते ते ‘कामिनी’ या पात्राचे!

परंतु उत्तरार्धात चित्रपटाचा तोल जातो. हरिशंकरची उपेक्षित पत्नी विष घेते, त्याच्यावर खुनाचा मुकदमा उभा राहतो, आणि न्यायासनापुढे कामिनी ही माळ्याची मुलगी आशा असल्याची कबुली येते. ज्या सावलीने आपल्याला तासभर जखडून ठेवले, तिची साक्ष, उलटतपासणी आणि फैसला पाहणे कष्टाचे होते. शिवाय तसबिरीतील त्या साम्याचा खुलासा कोणत्याच जबानीत मिळत नाही. भय निर्माण करण्याचे धैर्य दिग्दर्शकाजवळ होते, ते उलगडल्यावाचून सोडण्याचे नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे धैर्य चारच वर्षांनी, १९५३ साली, केन्जी मिझोगुची या जपानी दिग्दर्शकाने ‘उगेत्सु’त दाखविले. कुंभार गेन्जुरो घरी परततो, रिकाम्या झोपडीत पत्नीला हाका मारीत मागील दाराने बाहेर पडतो, वळसा घालून पुन्हा आत येतो, तो चूल पेटलेली आणि पत्नी तेथे बसलेली! सारा प्रसंग एकाच सलग चित्रणात घडतो, आणि ती केव्हाच मरण पावली होती हे त्याला सकाळी शेजाऱ्यांकडून कळते. त्या चित्रपटातही उणेपण आहे. सामुराई होण्याच्या ध्यासाने पछाडलेल्या तोबेईचे उपकथानक मूळ शोकाच्या तुलनेत हलके पडते. मात्र तेथे मृतात्म्याला कोणी न्यायालयात खेचत नाही.

‘महल’चे संकलन करणाऱ्या बिमल रॉय यांनी १९५८ साली ‘मधुमती’ काढला. त्यातही गुन्हेगाराकडून कबुली घेण्यासाठी दुसऱ्या एका तरुणीला मृत नायिकेचे सोंग देण्याचा बेत ठरतो. पण सोंग घेणारी पोहोचते उशिरा, आणि तिच्याआधी येऊन जाते ती खरी मधुमती.