ताफा एक, निर्णय ज्याचा त्याचा

अमेरिकेतील अनेक फ्लाइंग क्लब सुटीच्या दिवशी ‘फ्लाय-आउट’ काढतात. चार-पाच छोटी विमाने सकाळी एकाच गावाकडे निघतात, वैमानिक तिथे एकत्र जेवतात आणि दुपारी परततात. दिसायला ही सहल. पण शिकाऊ आणि नवख्या वैमानिकांना तिची गरज असते, कारण क्रॉस-कंट्रीचे तास भरल्याशिवाय पुढचे परवाने मिळत नाहीत. तिथल्या खासगी परवान्यासाठी क्रॉस-कंट्री म्हणजे निघाल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांहून, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटरहून, दूर जाऊन उतरणे. असे ५ तास एकट्याने उडावे लागतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या मुभेसाठी, क्रॉस-कंट्रीचा आकडा ५० तासांवर जातो. भारतातही व्यावसायिक परवान्याच्या २०० तासांत ३०० नॉटिकल मैलांचे एक उड्डाण सक्तीचे आहे; मात्र बारामती किंवा गोंदियाचा विद्यार्थी ते शाळेच्या वेळापत्रकानुसार करतो, सहल म्हणून नव्हे.

शिकाऊ वैमानिकाला प्रवासी नेता येत नाही. त्यामुळे तो एक तर इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून जातो, किंवा इन्स्ट्रक्टरने त्या दिवसाचे नियोजन तपासून लॉगबुकात सही केल्यावर एकटा. परवानाधारक मात्र दोघांत एक विमान घेतात: जाताना एकाने चालवायचे, येताना दुसऱ्याने, आणि भाडे निम्मे-निम्मे.

उत्तर कॅलिफोर्नियातील पालो आल्टो ते कोलंबिया हा अशा सहलीला साजेसा मार्ग. अंतर ९० नॉटिकल मैलांच्या आत, पण तेवढ्यात बरेच काही शिकायला मिळते. सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या विमानतळाचे नियंत्रित हवाई क्षेत्र डोक्यावर असते, त्याच्या खालून निघावे लागते. मग डोंगर, मग सेंट्रल व्हॅलीचे सपाट मैदान आणि शेवटी सिएरा नेवाडाचा पायथा. १८५० च्या दशकातले, सोन्याच्या शोधातून वसलेले गाव तिथे जपून ठेवले आहे. विमानतळावरून पायी जाता येते.

कोलंबियाला कंट्रोल टॉवर नाही. प्रत्येक जण ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आपली जागा सांगतो: ‘कोलंबिया ट्रॅफिक, सेस्ना अमुक, डाउनविंड, रनवे वन-सेव्हन, कोलंबिया.’ गावाचे नाव दोनदा घ्यायचे, कारण त्याच फ्रीक्वेन्सीवर दुसऱ्या विमानतळांचे बोलणेही ऐकू येते. पाच विमाने एकदम पोहोचली तर इथे गोंधळ ठरलेला. म्हणून वेगवान विमान आधी सोडतात आणि दोन उड्डाणांमध्ये काही मिनिटे ठेवतात. एकमेकांना खेटून उडण्याचा हौशी प्रकार नवख्यांच्या सहलीत नकोच. नियमानुसारही संबंधित वैमानिकांत आधी ठरल्याशिवाय तसे उडता येत नाही.

परतीची परीक्षा वेगळी. विमानतळ २,११८ फुटांवर आहे. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान जणू ५,००० फुटांवरून उडते: धाव लांबते, चढ मंदावतो. जेवणाच्या टेबलावर मेनूपेक्षा वजनाच्या हिशेबाची चर्चा अधिक रंगते ती यामुळे.

खरा धोका मात्र सोबतीतच असतो. बाकीचे निघाले, मग आपण कसे मागे राहायचे, ही भावना. हिवाळ्यात सेंट्रल व्हॅलीत दाट ‘टुली’ धुके पसरते; त्या भावनेपोटी कोणी त्यात शिरला तर काय होते, याचा अंदाज एका जुन्या प्रयोगावरून येतो. इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये, बाहेरचे काही न दिसता केवळ उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना तशा परिस्थितीत उडवून पाहिले. विमानावरचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद पुरले. म्हणून चांगला म्होरक्या ब्रीफिंगमध्ये मार्गाआधी हे स्पष्ट करतो की जायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवायचे आणि मागे राहणाऱ्याला कोणी कारण विचारायचे नाही. दिवसाच्या उड्डाणात ३० मिनिटांचे राखीव इंधन कायद्याने लागते. सावध म्होरके तासाभराचे मागतात.

उतरल्यावर एक काम राहते. डोळ्यांनी बघून केलेल्या उड्डाणाचा फ्लाइट प्लॅन आपोआप बंद होत नाही, वैमानिकाने तसे कळवावे लागते. ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटांत खबर आली नाही की शोधमोहिमेची प्रक्रिया सुरू होते. गप्पांच्या नादात हे विसरणारा दर ताफ्यात एखादा असतोच, म्हणून शेवटचे विमान बांधून झाले की म्होरक्या प्रत्येकाला ते विचारून घेतो.